देव्हाऱ्यातली रेघ

“शालन, माझं डोळं फिरल्यात का खरंच दिसतंय ते? बघ की गं नीट. हाय का न्हाय?”

जमदाड्यांच्या घरामागं, द्राक्षाच्या औषधाचे रिकामे डबे रचलेल्या भिंतीआड वैजयंता उभी होती. तिच्या तळहातावर मी आदल्या संध्याकाळी दिलेली पट्टी होती.

पट्टी मी उन्हाकडे तिरकी केली. वरची रेघ ठळक गुलाबी होती. ती सगळ्यांच्याच पट्टीवर येते, पट्टी चांगली आहे एवढंच ती सांगते. खरा निकाल खालच्या रेघेचा. आणि खाली काहीतरी होतं. आहे म्हणावं तर नव्हतं, नाही म्हणावं तर होतं. ओल्या भिंतीवर कुणी नख ओढावं तशी एक रेघ, गुलाबी नाही, राखाडीही नाही, जवळजवळ बिनरंगाचीच.

“हाय न्हवं?” वैजयंतानं पुन्हा विचारलं.

मी तेव्हा हिंगणवाडीची आशाताई होते. गावातल्या पोटुश्या बायकांची वहीत नोंद करायची, त्यांना दवाखान्यात न्यायचं, पोरांच्या लसी चुकू द्यायच्या नाहीत, हे माझं काम. दिवस गेलेत का ते बघायच्या पट्ट्या माझ्या पिशवीत असायच्या. सहा वर्षांत दीडेकशे तरी बघितल्या असतील. बायका म्हणायच्या, शालनची नजर म्हणजे सोनाराचा काटा. मलाही ते ऐकायला आवडायचं. कशाला खोटं बोलू, फार आवडायचं.

पट्टी वैजयंताची नव्हती. तिच्या धाकट्या जावेची, स्वप्नालीची होती. वैजयंताच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि तिची कूस उजवली नव्हती. स्वप्नाली दोन वर्षांपूर्वी आलेली. सासू आक्का जमदाडे म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, पुतण्या सरपंच; सुना त्यांना आत्या म्हणायच्या. श्रावणात हळदीकुंकवाला जमलेल्या वीस बायकांसमोर आक्कांनी सांगून टाकलं होतं, “दोन सुना आणल्या आन् पाळणा अजून माळ्यावरच हाय. दसऱ्यापतोर बगणार. न्हायतर भास्करसाठी आटपाडीची पोरगी बघून ठिवलीया.”

भास्कर म्हणजे थोरला, वैजयंताचा नवरा. धाकटीचा बाप सोसायटीचा चेअरमन, तिच्या केसाला कोण धक्का लावणार? वैजयंताच्या मागं मात्र एक गरीब भाऊ सोडला तर कुणी नव्हतं. घाव पडला तर तो तिच्यावरच पडणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. म्हणून जावेच्या पट्टीवर रेघ यावी यासाठी ती बाई स्वतःच्या लेकरासाठी करावेत तसे नवस करत होती.

आणि वैजयंता माझी कोण होती? आम्ही दोघी एकाच गावच्या, सावळवाडीच्या. एका बाकावर बसलो, एका विहिरीत पोहायला शिकलो, आणि दैवानं एकाच गावात सुना होऊन आलो. मला पहिली मुलगी झाली तेव्हा सव्वा महिना माझ्या घरचं पाणी तिनं भरलं होतं.

“कवा ठिवलीवतीस पट्टी?” मी विचारलं.

“सकाळी साडेसहाला. तू सांगितल्यागत तीन थेंब टाकलं.”

“आन् आता?”

“आता अकरा वाजत आलं. आत्यांनी हुकूम सोडलावता न्हवं का, त्या खंडुबाला जाऊन येईपतोर पट्टी देव्हाऱ्यात देवाम्होरं ठिवायची. घरातल्या थोरल्या माणसाच्या आधी कुणी बगायची न्हाय.” तिनं आवाज खाली आणला. “पर मी बगितली. मला दम निघंना. पाच मिन्टांनी बगितली तर खाली काय बी न्हवतं.”

“काय बी?”

“कोरं. अगदी कोरं. म्हटलं, संपलं. तशीच देवाम्होरं ठिवली आन् नाक घासलं. आन् आता जाऊन बगती तर ही रेघ! देवानं उमटवली गं शालन. माझ्या डोळ्यांदेखत कोरी हुती, देवानं उमटवली.”

मला त्याच क्षणी कळलं. आम्हाला शिकवतानाच दहादा बजावलेलं असतं. पट्टी पाच मिनिटांत वाचायची, फार तर दहा. त्यानंतर ती वाळते आणि वाळताना कधी कधी अशी भुताटकीची रेघ सोडते. ती पोराची नसते, लघवी सुकल्याची असते. साडेचार तास देव्हाऱ्यात पडलेल्या पट्टीवरची रेघ म्हणजे काहीच नाही.

हे मी तिला सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती माझ्या कानाशी आली.

“आजून एक सांगती, कुणाला बोलू नगंस. आज पहाटंच मला कावळा शिवलाय. पर सांगितलं असतं तर देव्हाऱ्यात गेलं कोण असतं? स्वप्नाली तर लघवीची वाटी दिऊन परत हातरुणात शिरली ती भीतीनं उठंना. म्हटलं, देव बगून घील. आन् बघ, देवानं राग न्हाय धरला.”

त्या घरात विटाळ कडक पाळायचे. चार दिवस बाई मागच्या पडवीत, वेगळं ताट, वेगळी वाकळ. हे ऐकून मी दचकले, पण तिच्या तोंडावर जे होतं ते बघून गप्प बसले. तेरा वर्षांत तिचं तसं तोंड मी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या अंगणात आक्कांची हाक आली. “आशाताई आलीया न्हवं? पट्टी घिऊन या म्हणावं.”

सोप्यात आक्का बसल्या होत्या, कपाळावर भंडारा, पायांवर धूळ. खांबाला टेकून स्वप्नाली उभी, एकवीस वर्षांची, श्रावणभराच्या उपासांनी गालफडं बसलेली. तिची पाळी पाच दिवस चुकली होती. असले उपास काढल्यावर कुणाचीही चुकेल.

आक्कांनी पट्टी लांब धरली, जवळ धरली. “मला मेलीला काय दिसतंय? शालन, तू सांग.”

मी वैजयंताकडे बघितलं. तिनं पदराचा शेव तोंडात धरला होता. माझ्या एका शब्दावर ती त्या घरात राहणार होती किंवा जाणार होती. मी मनाशी हिशेब मांडला की आठ दिवस तर मिळतील. कोण जाणे, पुढच्या महिन्यात खरंच दिवस राहतील. दसरा तर टळेल.

“पुसट हाय,” मी म्हणाले. “पर हाय.”

आक्कांनी कडाकडा बोटं मोडून स्वप्नालीची दृष्ट काढली. वैजयंता तर तिच्या गळ्यातच पडली. कुणीतरी साखर आणली. मीही ती चिमूटभर तोंडात टाकली.

*

चार दिवसांनी मी दुसरी पट्टी घेऊन गेले. म्हणाले, “आक्का, रेघ पुसट होती, परत एकदा बघून घिऊ. आमची तशी रीतच हाय.”

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाला शिवी दिली होती. “देवानं दिल्याली रेघ परत तपासायची? तुज्या रीती तुज्या दवाखान्यात ठिव.”

मी रेटा लावायला हवा होता. नाही लावला. पिशवी उचलली आणि घरी आले.

त्या दिवसांत जमदाड्यांच्या घराला नवं तेज आलं होतं. माळ्यावरचा पाळणा खाली उतरवून भास्करनं त्याला वॉर्निश लावलं. वैजयंता स्वप्नालीला खाली वाकू देईना, तिचं धुणं धुवायची, तिच्यासाठी ज्वारीच्या लाह्या भाजायची. मला रस्त्यात भेटली की उगाच हसायची. एकदा म्हणाली, “मला आता त्या घरात थोरली आई म्हणून हाक मारणारं कोणतरी येणार. मला बास हाय.” आक्का आताशा तिच्याशी दोन शब्द सरळ बोलत होत्या, आणि आटपाडीचं नाव कुणी काढत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी दहाला भास्कर मोटारसायकलवर आला. उतरलासुद्धा नाही. “आशाताई, आयनं बलवलंय. धाकटीला जास्त हुतंय.”

मी गेले. आतल्या खोलीत स्वप्नाली पाय पोटाशी घेऊन पडली होती. मी तिला हळूच विचारलं, कपडा बघितला. नेहमीची पाळी होती, चौदा दिवस उशिरा आलेली. जरा जास्त अंगावर जात होतं, पण उशिरा आलेली पाळी तशीच असते. गाठ नाही, काही नाही. ती माझा हात धरून रडत म्हणाली, “पडलं का ओ ताई? माझं काय चुकलं?”

मी तिचे केस मागे सारले. तिला मी सांगितलं नाही.

बाहेर सोप्यात घरची सगळी माणसं जमली होती. स्वप्नालीचा नवरा, धाकटा दिगंबर, डोकं धरून बसलेला, भास्कर दारात, आक्का भिंतीला पाठ लावून ताठ. वैजयंता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

“गेलं न्हवं?” आक्कांनी विचारलं.

“दवाखान्यात दाखवू या,” मी म्हणाले.

“दवाखाना गेल्यालं परत आणतुया व्हय?” आक्कांचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. “देवाच्या म्होरं उमटल्याली रेघ. ती अशी जात न्हाय. कुणीतरी काहीतरी मोडलंय. कुणाचा विटाळ झाला, कुणाचा हात लागला, आत्ताच्या आत्ता सांगा.”

बाहेर बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालला होता, त्याचा तेवढा आवाज येत होता. मला वाटलं, वैजयंता बोलणार नाही. बोलायची काही गरजच नव्हती. तिला आणि मलाच ते ठाऊक होतं.

वैजयंता उठली. भिंतीला धरून पुढे आली आणि आक्कांच्या पायांशी बसली.

“आत्या, मी शिवले. त्या दिवशी पहाटंच मी बाजूला बसायला पायजे हुतं. मी सांगितलं न्हाय. तशीच देव्हाऱ्यात गेले. पट्टीला माझाच हात लागला.”

दिगंबर झटक्यानं उभा राहिला. भास्कर दारातनं बाहेर बघत राहिला. आक्कांनी पाय आखडून घेतले, जणू तिचा आताही विटाळ होत होता.

“सवतःचं झालं न्हाय म्हणून दुसरीचं बगवंना तुला,” आक्का म्हणाल्या.

“न्हाय ओ आत्या! खंडुबाची आण, न्हाय!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आतून स्वप्नालीचं रडणं क्षणभर थांबलं. “मला पायजे हुतं ते. तुमच्यापरास मला पायजे हुतं.”

मग आक्का माझ्याकडे वळल्या. तो क्षण आजही मी दिवसातून एकदा तरी जगते.

“शालन, तू चार बुकं शिकलीस. तू सांग. विटाळानं गेलं असंल का?”

सांगायला एक वाक्य पुरे होतं. जायला आधी यावं लागतं, आक्का. पोर नव्हतंच. ती रेघ वाळल्याची होती, मला त्या दिवशीच कळलं होतं, आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. एवढं म्हटलं असतं तर ती बाई सुटली असती. आक्का तिच्याऐवजी माझ्यावर धावल्या असत्या. त्यांच्या पुतण्यानं ग्रामसभेत माझं काम काढून घेतलं असतं. आणि आख्ख्या हिंगणवाडीनं म्हटलं असतं की सोनाराचा काटा खोटा निघाला. कुठल्या गोष्टीला मी जास्त भ्याले? काम गेलं असतं तर मी मजुरीला गेले असते, माझी काही उपासमार होत नव्हती. मी भ्याले ते बायकांच्या हसण्याला. इतकी माझी किंमत.

वैजयंता माझ्याकडे बघत होती. वाचव असं काही त्या नजरेत नव्हतं. तिलाही माझ्याकडूनच जाणून घ्यायचं होतं.

“मी काय सांगणार, आक्का,” मी म्हणाले. “पयले दिवस लई नाजूक असत्यात. कशानंबी हुतं.”

कशानंही होतं. दोन शब्द. आक्कांना तेवढे पुरले.

दुपारच्या आत वैजयंताचं बोचकं बांधून झालं. भास्कर तिला मोटारसायकलवर भावाकडे सोडायला निघाला. “चार दिवस जा,” तो माझ्यासमोरच तिला म्हणाला, “आयचा राग शांत झाला की आणतो.” ती मागं बसली, पदर डोक्यावरून नीट घेतला. मला बघून म्हणाली, “स्वप्नालीला दवाखान्यात ने गं. अंगावर लई जातंय तिच्या.”

भास्कर तिला आणायला गेला नाही. माघात त्यानं आटपाडीची मुलगी केली. तिलाही मूल झालं नाही. मग आक्का त्यावर काही बोलल्या नाहीत. स्वप्नालीला दोन वर्षांनी मुलगा झाला. त्या वेळची पट्टी मी पाच मिनिटांत वाचली, रेघ लालबुंद होती. त्यानंतर महिन्याभरात मी काम सोडलं. घरच्यांना सांगितलं, पाठ दुखते.

*

माहेरी जाणं चुकत नाही. नऊ वर्षांत मी कितीदा सावळवाडीला गेले, पण देवळापलीकडची वैजयंताच्या भावाची गल्ली टाळली. वैजयंताची खबर वहिनीकडून मिळायची: भावाच्या शेतात राबते, कुणाच्या लग्नाला येत नाही, बारशाला तर नाहीच नाही. गेल्या चैत्रात माझी आई गेली. तेराव्याला वैजयंताच्या भावाच्या घरचं कुणी आलं नव्हतं, म्हणून वहिनीनं लाडवाचं ताट माझ्या हातात दिलं. “तूच दिऊन ये. तुझी मैतरीण हाय.”

दार उघडंच होतं. वैजयंता जमिनीवर बसून शेंगा फोडत होती. केस पिकले होते. मला बघून तिला खरंच आनंद झाला, आणि त्यानं मी जास्तच मेले.

“मावशी गेल्याचं कळलं गं. मला यायचं हुतं. पर तुमच्या घरी तुझ्या भाच्याचं तान्हं बाळ हाय म्हटलं, म्हणून न्हाय आले.”

“म्हंजी?”

तेवढ्यात कोपऱ्यातल्या झोळीत मूल रडायला लागलं. तिच्या भावाचा नातू, चारेक महिन्यांचा. ती झोळीच्या हाताभर अंतरावर होती. ती उठली, झोळीपासून लांब झाली आणि मागच्या दाराकडे तोंड करून ओरडली, “अश्विनी, पोर उठलंय गं!” भावाची सून अश्विनी आली, पोराला खांद्यावर टाकून परत मागे गेली.

“तू का न्हाय घेतलंस?” मी विचारलं.

“मी न्हाय हात लावत.” ती पुन्हा शेंगा फोडायला बसली. “एकाला लावला तेवढं बास झालं. हितं कुणी मला तसं म्हणत न्हाय, हे माझं मीच ठरवलंय.” दोन शेंगा फोडून झाल्यावर ती म्हणाली, “यंदा तिसरीला असतं बघ. वैशाखात झालं असतं, म्हंजी आता आठ पुरं. मी दर आवसेला एक दिवा लावती त्याच्या नावानं. पर नाव तरी काय घेणार? पोरगा हुता का पोरगी तेबी कळलं न्हाय.”

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी ताट खाली ठेवलं, तिचे शेंगांनी भरलेले दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. पाच मिनिटांचा नियम, वाळलेली पट्टी, तिनं सकाळी बघितलेली कोरी पट्टीच खरी होती हे, स्वप्नालीची उशिरा आलेली पाळी. काहीही राखलं नाही. “पोर न्हवतंच, वैजू. तवा त्या घरात पोर आलंच न्हवतं. तू कुणालाच मारलं न्हाईस.”

तिनं सगळं शांतपणे ऐकलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिनं हात सोडवून घेतला आणि पदरानं माझंच तोंड पुसलं, लहानपणी मी पडले की पुसायची तसं.

“तुझी आई गेलीया, तुझं मन हळवं झालंय. मला बरं वाटावं म्हणून बोलतीस, कळतंय मला.”

“आगं, खरं सांगती. तुज्या पाया पडती.”

“न्हाय शालन.” ती मान हलवत हसली, समजूत घालावी तसं. “तसं असतं तर तू तवाच बोलली असतीस. मला घराभाईर काढत हुती आन् तू नुसती बघत बसली असतीस व्हय? मी काय आजची वळखती तुला?”

आणि तिनं मागं हाक मारून अश्विनीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.